किल्लीदादांची परदेशी रजा

"या वर्षी आपण समुद्रावर जाणार म्हणजे जाणार! आठ दिवस! लिहून ठेव!" किल्लीदादांनी जेवता जेवता जाहीर केलं. वहिनींनी काहीही न लिहिता पाण्याचं भांडं त्यांच्यापुढे सरकवलं.

लिहूनच ठेवायचं तर वहिनींकडे एव्हाना एकोणीस वह्या झाल्या असत्या! लग्नापासून दर वर्षी ही घोषणा व्हायची आणि दर वर्षी "बघू पुढच्या वर्षी, सध्या रजेचं काही खरं नाही" यावर मिटायची. दादांचा तरी काय दोष? पंपाच्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळत. कमरेला सतरा किल्ल्यांचा जुडगा, म्हणून सगळ्यांचे किल्लीदादा. भरपगारी रजा वर्षाला बारा दिवस. त्यातले चार दिवस ताप खायचा, पाच दिवस नात्यातली लग्नं, आणि उरलेले तीन बघून कुणीतरी लांबचे काका नेमके वारायचे.

पण गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीनं कारखाना विकत घेतला आणि दादांना परदेशात एक जोडीदार मिळाला. तिकडचा स्टोअरकीपर! दर सोमवारी दोघं कॉम्प्युटरवर मोडक्यातोडक्या भाषेत वॉशरच्या हिशेबाची देवाणघेवाण करत. एका सोमवारी तो म्हणाला, "उद्यापासून मी पाच आठवडे नाही."

"अरे देवा! कोण आजारी आहे?"

"कोणी नाही."

"मग घरात लग्न?"

"नाही. रजा आहे."

"ते कळलं रे. पण रजा कशासाठी?"

"रजेसाठी!"

दादांना दोन दिवस घास गोड लागेना. कंपनी एक, वॉशर एक, वॉशरचं भोकसुद्धा एकाच मापाचं, आणि त्याला रविवार सोडून तीस दिवस, मला बारा? कंपनीच्या तिसऱ्या देशातल्या कारखान्यात तर दहाच दिवस मिळतात आणि तेही लोक माफी मागून घेतात, असं त्यांना कळलं होतं. पण त्या बिचाऱ्यांचा विचार त्यांनी लगेच सोडून दिला. दुःख करायला बसलेल्या माणसानं खाली बघायचं नसतं!

अशातच रजेचा नवा फॉर्म कॉम्प्युटरवर आला. त्यात एक रकाना होता : देश. दादा आजही शपथेवर सांगतात की बोट घसरलं. घसरलेलं बोट नेमकं जोडीदाराच्या देशावर जाऊन थांबलं, हा त्या बोटाचा गुण! रजा शिल्लक : तीस दिवस! दादांनी आठ मागितले. कॉम्प्युटर म्हणाला, नाही. या देशात पहिली रजा सलग दोन आठवड्यांपेक्षा कमी घेता येत नाही. कमी रजा मागितली म्हणून बोलणी खायची दादांची ही पहिलीच वेळ. त्यांनी दोन आठवडे घातले आणि रजा तिथल्या तिथे मंजूर!

सोमवारी बारा वाजताची बस होती. वहिनींनी गणवेश शिवायचं मशीन झाकून ठेवलं, बॅग भरली, नवी चप्पलसुद्धा काढली. आणि नऊ वाजता दारात मॅनेजरसाहेब, हातात एक कागद, कपाळावर घाम!

"वहिनी, मी तुमच्याशीच बोलायला आलोय. शेजारी जे कोण बसलेत त्यांच्याकडे मी बघतही नाहीये."

"का हो? भांडण झालं?"

"रजेवर आहेत ते! त्यांच्या देशात रजेवरच्या माणसाशी कामाचा शब्द काढायचा नाही. हे बघा वरून आलेलं पत्र! कोणता देश ते मला विचारू नका. पण दोन वाजता चाळीस पंप गाडीत चढायचेत आणि रबरी सील सापडत नाहीत हो!"

"अहो, सील बिस्किटाच्या—" दादांना राहवेना.

"मी काहीही ऐकलेलं नाही!" साहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

मग वहिनींनीच विचारलं, "अहो, सील कुठे आहेत?"

"बिस्किटाच्या डब्यात."

"तिथे एकसष्ट बिस्किटाचे डबे आहेत!" काही न ऐकलेले साहेब ओरडले.

"ज्यावर 'खिळे' लिहिलंय त्यात बघायचं. खिळे 'वॉशर'मध्ये आहेत," दादा भिंतीला म्हणाले.

वहिनींनी पदर खोचला. "मीच येते चला. मला काही तो कायदा लागू नाही ना? अहो, तुम्ही बॅग घेऊन स्टँडवर थांबा. बाराच्या आत आलेच."

पावणेबाराला दादांचा फोन वाजला. सील कधीच सापडले होते!

"मग ये ना! बस लागलीये!"

"येते हो. पण हे काय करून ठेवलंय तुम्ही? स्टोअर की उकिरडा? एवढे बोल्ट मापानं लावते आणि निघते."

जन्मभर बटणं आणि हुक मापाप्रमाणे बरण्यांत लावलेली बाई ती! एकसष्ट डबे समोर पाहून तिचा हात थांबणार कसा? बस गेली. निघण्याआधी कंडक्टरनं दादांना "येताय ना?" म्हणून दोनदा विचारलं, मग तोही विचारायचा थांबला. दादा बॅग उचलून घरी आले.

संध्याकाळी वहिनी आल्या. नाकावर ग्रीसचा ठिपका, कमरेला सतरा किल्ल्यांचा जुडगा, आणि चेहरा असा खुललेला की दादांनी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता.

"साहेबांनी मला ठेवून घेतलं हो! दोन आठवडे तुमच्या जागी, पुढे कायमची तुमच्या हाताखाली! म्हणाले, असं स्टोअर जन्मात पाहिलं नाही."

दादांना समुद्राचं वाईट वाटलं, पण तिला इतकी खूश पाहून बरंही वाटलं. तरी त्यांनी हळूच विचारलं, "आणि समुद्र?"

"नव्या माणसाला सहा महिने रजा नसते."

दादांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "फॉर्म भरलास? त्यात देशाचा एक रकाना असतो बघ. तिथे बोट जरा..."

"भरला की. साहेब शेजारी उभे होते, नजर हलवत नव्हते. आपलाच देश घातलाय." वहिनींनी पाय लांब केले. "बघू पुढच्या वर्षी. सध्या रजेचं काही खरं नाही. चहा टाका ना जरा, दमून आलेय."

दादा आत गेले. ज्या डब्यावर 'साखर' लिहिलं होतं त्यात खरंच साखर निघाली. चहा उकळेपर्यंत त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं, रजेचे अजून तेरा दिवस उरले होते!