नापासाचे पेढे

आप्तांपैकी कोणी नापास झाल्याबद्दल पेढे वाटणारा मनुष्य माझ्या पाहण्यात एकच आला आहे. आणि नापास झालेली ती व्यक्ती मीच असल्यामुळे या निरीक्षणाच्या खरेपणाची हमी मी देऊ शकते.

पुलगावच्या चाळीत संध्याकाळी मोठेबाबा पेढ्यांचा पुडा घेऊन दारोदार फिरत होते, आणि मी त्यांच्यामागे मान खाली घालून चालले होते. शेजारच्या यमुनाबाईंनी पेढा हातात घेतला आणि विचारले, "कायचे पेढे हो, नामदेवभाऊ?"

"सुमन नापास झाली."

"पास झाली म्हनता न?"

"नापास. साफ नापास. घ्या, अजून एक घ्या."

यमुनाबाईंनी माझ्याकडे पाहिले, पेढ्याकडे पाहिले. पेढा आनंदाचा म्हणून खावा की दुःखाचा म्हणून ठेवावा, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी अर्धा त्यांनी तोंडात टाकला आणि अर्धा पदराच्या टोकाला बांधला.

आमच्याकडे वडिलांच्या थोरल्या भावाला मोठेबाबा म्हणतात. हे मोठेबाबा पुलगावच्या गिरणीत कापूस पारखण्याचे काम करीत. त्यासाठी ते काळा कोट घालीत. सर्वांगाची लाही होणाऱ्या वैशाखातही घालीत, कारण कापसाचे तंतू काळ्या कापडावरच नीट दिसतात. व्यापारी आपल्या मालाची तारीफ करू लागला की मोठेबाबा दुसरीकडे पाहत. मग गाठोड्यातून चिमूटभर कापूस उचलायचा, दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायचा, निघालेले तंतू कोटाच्या बाहीवर ठेवायचे आणि त्यांची लांबी पाहायची. "तारीफ कान ऐकते," ते म्हणत, "माल बोटाले समजते. ताण देऊन पाह्यलं पाह्यजे."

इथपर्यंत ठीक होते. पण कापसाची ही पद्धत त्यांनी साऱ्या सृष्टीला लागू केली होती. छत्री घ्यायची तर दुकानातच ती उलटी करून पाहायची. बाज घ्यायची तर तिच्यावर आधी दुकानदाराला बसवायचे. एकदा नात्यातल्या मुलीसाठी स्थळ आले, तेव्हा त्यांनी मुलाला मुद्दाम अळणी वरण वाढायला लावले आणि पानातले मीठ काढून घेतले. मुलगा निमूटपणे जेवला. बाकी सारे त्याच्या स्वभावावर खूष झाले. मोठेबाबा मात्र हात धुताना म्हणाले, "याले एक तं चव समजत नाई, नाईतं हा लय खोल आहे. दोन्ही वाईट." लग्न झाले, मुलगी सुखात आहे. मोठेबाबांच्या पद्धतीत प्रयोगाचा भाग पक्का आणि निष्कर्षाचा भाग कच्चा असे, एवढे विज्ञानाची विद्यार्थिनी या नात्याने नोंदवून ठेवते.

त्यांची बायको, मोठीआई, मला आठवतही नाही, इतक्या लवकर गेली. मूलबाळ नव्हते. चाळीतल्या दोन खोल्यांत ते एकटे राहत, स्वतःच्या हाताने भाकरी थापत, आणि ती तव्यावरून काढली की तिलाही दोन्हीकडून ओढून पाहत.

माझे वडील रोहण्याला शेती करीत. माझी चौथी झाली त्या उन्हाळ्यात त्यांनी मला आर्वीच्या छोट्या गाडीने पुलगावला आणले आणि मोठेबाबांपुढे उभे केले.

"भाऊ, हिले पुढं शिकाचं आहे म्हनते. जवळची एखादी शाळा पाहून द्या. यंदा जमलं तं जमलं, नाईतं पोरगी घरी. मले पोरीच्या शाळेसाठी गावोगाव हिंडनं होनार नाई."

'घरी' म्हणजे काय ते मला माहीत होते. माझी थोरली बहीण घरीच होती. सकाळी शेताच्या धुऱ्यावर, दुपारी चुलीपाशी, आणि येत्या माघात सासरी, असा तिचा कार्यक्रम ठरलेला होता. त्या वयातही मला तिच्याबद्दल माया आणि तिच्या कार्यक्रमाबद्दल भीती, अशा दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या जाणवत होत्या.

"तू जा," मोठेबाबा वडिलांना म्हणाले. "शाळा मी पाह्यतो."

त्या काळात खाजगी संस्थांच्या मिडल शाळा जागोजाग निघत होत्या, आणि खरे शिक्षण आपल्याकडेच मिळते असे प्रत्येकीचे म्हणणे होते. मोठेबाबांच्या दृष्टीने हे सारे व्यापारी होते.

पहिली शाळा चाळीपासून हाकेच्या अंतरावर होती. मुख्याध्यापकांनी आम्हांला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिले आणि सांगितले, "आमच्या शाळेत आजवर एकही विद्यार्थी नापास झालेला नाही."

"एकही नाई?"

"एकही नाही."

"मंग शिकवता काय?" मोठेबाबांनी विचारले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते. मुख्याध्यापकांनी मात्र खुर्च्या दिल्याचा पश्चात्ताप झाल्यासारखा चेहरा केला.

दुसरी शाळा आर्वीला होती आणि ती मला मनापासून आवडली. अंगणात कडुनिंबाला झोका होता. गुरुजींनी मला पाढे विचारले, नद्या विचारल्या, एक कविता म्हणायला सांगितली. मी सारे धडाधड सांगितले. गुरुजी इतके प्रसन्न झाले, की त्यांनी शेजारच्या वर्गावरच्या गुरुजींना बोलावून आणले आणि मला पुन्हा सारे म्हणायला लावले. "हिला एकदम सहावीत बसवतो," ते म्हणाले. "आमच्या शाळेचे नाव काढील."

मोठेबाबा उठले, हात जोडले, आणि मला घेऊन थेट स्टेशनवर आले.

गाडीत मी रडू लागले. "मले सारं आलं होतं," मी म्हटले.

"आलं होतं न? म्हनूनच."

"काऊन पन?"

"अवं, तिथं तू चार साल बसून राह्यली असती, जत्रेतल्या देवीसारखी. लोकं रोज पाया पडले असते. अन् देवीले काई शिकवते का कोनी?" मग त्यांनी पेरू घेतला, दाबून पाहिला, आणि कडक होता म्हणून मला दिला.

तिसरी शाळा वर्ध्याला, मुलींची. मुख्याध्यापिका बाई खादीच्या पांढऱ्या लुगड्यातल्या, जाड चष्म्याच्या, बोलण्यात पुण्याकडच्या. त्यांनी पाणीही विचारले नाही. मला टेबलासमोर उभे केले आणि म्हणाल्या, "पेला पाण्याने काठोकाठ भरला आहे. वर बर्फाचा तुकडा तरंगतो आहे. बर्फ वितळला तर पाणी सांडेल की नाही?"

"सांडेल," मी म्हटले.

"कशावरून?"

हा शब्द मला नवा नव्हता, पण तो मला उद्देशून कोणी वापरला नव्हता. रोहण्याच्या शाळेत उत्तर आले की प्रश्न संपत असे. इथे उत्तर दिल्यावर प्रश्न सुरू झाला. बाईंनी आणखी विचारले. सावली सकाळी लांब का? ओले कापड वाऱ्यावर लवकर का वाळते? प्रत्येक उत्तरामागे त्यांचे ते 'कशावरून' उभे होते. शेवटी शेवटी मी नुसती टेबलाच्या कडेकडे पाहत होते.

"हिचे पाठांतर उत्तम आहे," बाई मोठेबाबांना म्हणाल्या. "पण आमच्या वर्गाबरोबर ही चालू शकणार नाही. हिला येत नाही."

"येत असतं तं इथं आनली काऊन असती?" मोठेबाबा म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"दोन शाळांत हिले सारं आलं. तिथून घेऊन आलो. तुमची पयली शाळा, जिथं हिले आलं नाई. आता तुमी नाई म्हनाल तं मी हिले कुठं नेऊ?"

बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. प्रवेश नाकारण्याची कारणे त्यांच्याजवळ तयार असत, परंतु नाकारण्याच्या कारणावरूनच प्रवेश मागणारा पालक त्यांना भेटला नसावा. शेवटी त्या म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत वर्गात बसू द्या. वसतिगृहात जागा आहे. दिवाळीच्या परीक्षेत पास झाली तर राहील. नाही झाली तर तुम्ही येऊन घेऊन जा. मग तक्रार चालणार नाही."

"तक्रार कायची?" मोठेबाबा म्हणाले. "पन तोवर हिले सोपं नका इचारू."

वर्धा स्टेशनवर पोहोचताच ते सोड्याच्या दुकानापुढे उभे राहिले आणि भुशातल्या बर्फाच्या लादीचा एक तुकडा फोडून घेतला. पेला काठोकाठ भरला, बर्फ सोडला, आणि आम्ही दोघे बाकासमोर उकिडवे बसलो. थोड्या वेळाने पेल्याच्या बुडाशी ओल दिसू लागली.

"सांडलं," मोठेबाबा म्हणाले.

"वरून नाई सांडलं. पेला बाहेरून भिजून राह्यला."

"बाहेरून कसा भिजंल? फुटका असंल."

त्यांनी कोटाच्या बाहीने पेला पुसला. तो पुन्हा भिजला. दुसरा पेला आणवला, तोही भिजला. दुकानदार कंटाळून म्हणाला, "बाबूजी, बरफ खाने का है या देखने का?" आमच्या मागून पुलगावची गाडी आली आणि निघूनही गेली. बर्फ संपला तेव्हा पाणी काठाशी होते, तसेच होते. बाहेर पाणी कुठून आले, हे आम्हां दोघांनाही कळले नाही. आज मी प्रयोगशाळेत ज्या कामावर आहे, त्याची सुरुवात मला विचाराल तर मी त्या बाकाकडे बोट दाखवीन. पुढे संशोधन करावे, स्वतःचे काही शोधावे, ही माझी महत्त्वाकांक्षा आहे. ती सांगताना मी संकोच करीत नाही. ती मला कोणी दिली, हे सांगताना तर मुळीच नाही.

दुसऱ्या गाडीने पुलगावला उतरलो आणि ते पेढे घ्यायला गेले.

दिवाळीपर्यंतचे दिवस कठीण गेले. वर्गातल्या मुली चटकन हात वर करीत. मी रात्री पांघरुणात 'कशावरून' घोकत असे, आणि घोकून ते येत नाही हे कळायलाही मला वेळ लागला. रविवारी मोठेबाबा येत. इतर मुलींचे पालक, किती गुण मिळाले ते विचारीत. मोठेबाबा फाटकाशी उभे राहून विचारीत, "या हप्त्यात काय नाई आलं?" मी सांगू लागले की ते तृप्त होऊन ऐकत. एकदा मी म्हटले, "मोठेबाबा, असंच राह्यलं तं मले घरी जा लागंल." ते म्हणाले, "मले बी माहीत आहे," आणि कोटाच्या बाहीवरचा नसलेला तंतू झटकू लागले. काळजी त्यांनाही होती, हे मला त्या दिवशी कळले.

निकालाच्या दिवशी ते सकाळीच आले. माझी पेटी बांधायला दोरी आणली होती. सुट्टीसाठी की कायमची, हे ठरायचे होते. बाईंनी आम्हांला खोलीत बोलावले.

"पास आहे," बाई म्हणाल्या. "फार वर नाही. पण एका प्रश्नाला तिने लिहिले आहे, 'मला उत्तर माहीत नाही, पण मी ते असे शोधून पाहीन.' आणि शोधण्याची रीत बरोबर आहे. राहू द्या तिला."

मोठेबाबांनी दोरी खिशात घातली. तेव्हा बाईंनी सहज विचारले, "तुम्ही किती शिकलात, नामदेवराव?"

"चौथी, बाई. पयला नंबर होता. दरसाल पयला." ते हसले. "गुरुजीनं माह्या बापाले बलावलं. म्हने, याले मी आता काय शिकवू, याले सारंच येते. बापाले लय आनंद झाला. गावात सांगत फिरला. अन् दुसऱ्याच दिवशी मले कापसाच्या जिनिंगमधी लावून देलं. सारंच येते म्हनल्यावर शाळा कायले पाह्यजे?"

हे त्यांनी अळणी वरणाची गोष्ट सांगावी तसे सांगितले. मी त्यांच्यापाशी इतके दिवस राहिले होते, पण हे मला माहीत नव्हते. बाहेर घंटा झाली. सुट्टीपूर्वीचा बाईंचा शेवटचा तास आमच्याच वर्गावर होता.

मोठेबाबा दाराशी घुटमळले. "बाई," ते म्हणाले, "गाडीले वेळ आहे. मागं बसू का घडीभर?"

मुलींच्या शाळेत पुरुषाने वर्गात बसण्याची रीत नव्हती. बाईंनी क्षणभर विचार केला आणि शेवटच्या बाकाकडे हात केला. बाक लहान होता. गुडघे मावेनात म्हणून मोठेबाबा तिरके बसले, आणि हात बाकावर जुळवून फळ्याकडे पाहू लागले. मुली तोंडावर हात धरून हसत होत्या. मी हसले नाही.

बाईंनी विचारले, "चंद्राची एकच बाजू आपल्याला नेहमी दिसते. तर मग चंद्र स्वतःभोवती फिरतो की नाही?"

हात वर झाले. कोणी म्हणाले फिरतो, कोणी म्हणाले फिरत नाही. प्रत्येकीला बाईंनी तोच शब्द विचारला, आणि एकेक हात खाली आला. मग त्यांनी चष्म्यावरून मागच्या बाकाकडे पाहिले.

"नामदेवराव, तुम्ही सांगा."

मोठेबाबा उठून उभे राहिले. शाळेतल्या मुलासारखे, हात मागे बांधून. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी डोळे बारीक केले, ओठ हलवले, मनात काहीतरी फिरवून पाहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आले, ते मी उत्तम कापूस हाती लागल्यावरही त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले नव्हते.

"मले नाई येत, बाई," ते म्हणाले.

"बसा," बाई म्हणाल्या. "आता नीट पाहा." त्यांनी मला पृथ्वी म्हणून वर्गाच्या मधोमध उभे केले, आणि माझ्या शेजारच्या मुलीला चंद्र होऊन, तोंड सतत माझ्याकडेच ठेवून, माझ्याभोवती चालायला सांगितले.