पालथ्या पळीचा प्रयोग

मला कोणी फसवू शकत नाही! एकतीस वर्षं नारायण पेठेत रसायनशास्त्र शिकवलंय. पोरांच्या थापा ऐकून कान तयार झालेत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी एखादी अफवा पडली, की नऊच्या आत मी तिचा निकाल लावतो.

भांडण होतं टाकीचं. गच्चीवरची पाण्याची टाकी दोन वर्षं धुतलेली नव्हती. आमच्या हिचं, सरोजिनीचं, पोट महिन्यात दोनदा बिघडलं आणि मला खरंच काळजी वाटायला लागली. पण चेअरमन दत्तप्रसाद ऐकतील तर ना!

"अहो सर, ग्रुपवर आलंय. खडकवासल्याच्या पाण्याला टाकी धुवावी लागतच नाही!"

मग म्हटलं, यांना धडाच शिकवायचा. रविवारच्या सभेआधी एक अशक्य थाप सोडायची. सगळ्यांनी ती गिळली, की सभेत उभं राहून म्हणायचं, "बघा, तुम्ही काय काय खरं मानता! आता टाकीचं बोला." बिनतोड बेत!

थाप रचली: 'पिण्याच्या पिंपावर पूजेतली पळी पालथी ठेवा, दांडा ईशान्येला. एका रात्रीत पाणी शुद्ध! परदेशी शास्त्रज्ञ थक्क!' वर 'फॉरवर्डेड' असा शिक्का हवाच, म्हणून आधी सरोजिनीच्या फोनवरून स्वतःला पाठवली आणि मग ग्रुपवर टाकली. पळी झाकणावर, पाणी झाकणाखाली! पहिलीतलं पोरही हसेल.

संध्याकाळी स्वयंपाकघरात गेलो, तर आमच्याच पिंपावर पळी पालथी!

"अगं, हे काय?"

"ग्रुपवर आलंय."

"ते मी लिहिलंय!"

"काहीतरीच! माझ्या फोनवरून गेलंय ते. मी पाठवलं म्हणजे विचार करूनच पाठवलं असणार."

रविवारी सभेत मी ताठ उभा राहिलो. "मंडळी, पळीची थाप माझी होती!"

कोणी हसलं नाही. वरच्या मजल्यावरचा वरद, आयटीतला, म्हणाला, "काका, पण माझी ॲसिडिटी गेली ना! टोटल गायब! ऑफिसच्या चार ग्रुपवर टाकलंय मी."

"अरे, परवापासून तू पिझ्झा खाल्ला नाहीस, म्हणून गेली!"

दत्तप्रसादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, आपण विज्ञानाची माणसं. आपल्याला हे मान्य करणं जड जाणार, आम्ही समजू शकतो. असो. घरोघरी पळी आहे म्हटल्यावर टाकीचा विषय रद्द!"

माझं डोकंच फिरलं. रात्री बसून पाटी लिहिली आणि सकाळी लिफ्टशेजारी लावली: 'पिंपावर पळी ईशान्येला ठेवल्याने पाणी शुद्ध होते, ही शुद्ध थाप आहे. अक्कल असल्यास वापरावी.'

तळमजल्यावरच्या राधाताई ग्रुपवर नाहीत. त्यांना हे काहीच ठाऊक नव्हतं. पाटी वाचून त्या दार वाजवत आल्या. "सर, बरं झालं लिहिलंत! ईशान्य म्हणजे बाथरूमकडे की जिन्याकडे?"

"ताई, पुढचंही वाचा ना!"

"चष्मा नव्हता हो, वरचं तेवढंच कसंबसं लागलं. पण तुम्ही लावलीय म्हणजे खरंच असणार!"

त्याच आठवड्यात सरोजिनीचं पोट तिसऱ्यांदा बिघडलं. ती पांघरूण घेऊन पडली होती आणि मी, एकतीस वर्षं खरं शिकवलेला माणूस, शेजारी हात चोळत बसलो होतो. शेवटी तत्त्वं गुंडाळून ठेवली आणि तिचा फोन उचलला.

'अत्यंत महत्त्वाचे! टाकी न धुतलेली असल्यास पळीचा परिणाम उलटा होतो!!'

अर्ध्या तासात दत्तप्रसाद दारात! "सर, उद्या सकाळीच टाकी धुऊन घेतोय. आपल्याला इतकी वर्षं कसं सुचलं नाही हो हे?"

टाकीच्या तळाशी चार बोटं गाळ निघाला. दोन दिवसांत सरोजिनी ठणठणीत! मला इतका आनंद झाला, की मी स्वतः चहा केला.

"बघितलंत?" ती म्हणाली. "पळीचा गुण!"

"अगं, टाकी धुतली म्हणून!"

"ती काय, सगळेच धुतात. पळी ठेवली म्हणून!"

मी उठलो. कप विसळला, पाणी प्यायला पिंपाशी गेलो. पाणी छान होतं, खोटं कशाला बोलू? झाकण परत ठेवलं, त्यावर पळी ठेवली. दांडा जरा उत्तरेकडे गेल्यासारखा वाटला. कोणी बघत नाही ना, याची खात्री केली आणि हळूच सरळ केला. उगाच विषाची परीक्षा कशाला!