एकशेवीस-ऐंशी

आमच्या दवाखान्यातल्या नर्स कमळाक्का माणसाचं तोंड शेवटी बघत. आधी पाय. गरोदर बाई आली की खाली बसून तिच्या नडगीवर अंगठा रुतवायच्या, दहा आकडे मोजायच्या आणि खळगा पडतोय का ते न्याहाळायच्या. इथवर ठीक. पण एकदा सवयीने त्यांनी दवाखान्याच्या तपासणीला आलेल्या सरकारी साहेबांचीही नडगी दाबली! "सूज आहे वो. मीठ कमी करा." साहेब पुन्हा फिरकले नाहीत.

ही तंजावूरची, राजवाड्यामागच्या बोळातली गोष्ट. गावात केबल आलं होतं, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ उघडले होते. आमच्याकडे रक्तदाबाचं यंत्र मात्र एकच, तेही बिघडू नये म्हणून कपाटात कुलूपबंद. मग कार्डावर लिहायचं काय? मी तिथला कारकून. रांग लागायच्या आतच सगळ्या कार्डांवर एकशेवीस-ऐंशी लिहून मोकळा व्हायचो. माझ्या आधीचा कारकूनही तेच करायचा. आमच्या दफ्तरी गावातली एकूणएक बाई ठणठणीत होती.

कमळाक्कांनी डॉक्टरीणबाईंशी भांडून किल्ली मिळवली. प्रत्येकीला दहा मिनिटं बाकावर बसवायच्या. "बस. बोलू नको. सासूला तर आठवूच नको!" मग यंत्र लावायच्या आणि माझा आकडा खोडून खरा लिहायच्या. रांग रस्त्यावर जायची, बायका करवादायच्या, डॉक्टरीणबाई माझ्यावर डाफरायच्या. मला ह्या बाईचा मनापासून वैताग यायचा.

एक दिवस पापनाशमहून सेल्वी आली. आदल्याच दिवशी तिचा वळैकाप्पु झालेला. सातव्या महिन्यात आमच्याकडे दोन्ही हात काचेच्या बांगड्यांनी भरतात, तो समारंभ. हात इतके सुजलेले की बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. "कसं छान अंग भरलंय," सासू कौतुकाने म्हणाली. अक्कांनी रक्तदाब बघितला. पुन्हा बघितला. आणि पोरीला ऑटोत घालून स्वतः मोठ्या इस्पितळात घेऊन गेल्या. माझ्या कार्डावर ती ठणठणीतच होती.

सेल्वी वाचली. सासू साखर वाटून गेली, तेव्हा मी विचारलं, "अक्का, ही नजर तुम्हाला कोणी दिली?"

त्यांनी पिशवीतून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं. वर दुसऱ्याच दवाखान्याचा शिक्का आणि त्यांच्या लेकीचं नाव. खाली पाच भेटी, पाचही वेळा एकशेवीस-ऐंशी.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझंच वो. दर वेळी रांग मोठी होती. परक्या लेकी आधी बघू, आपली काय, घरी बघू म्हटलं. तिजला उठवलं बाकावरून, कार्ड भरून टाकलं."

"मग घरी?"

"घरी मज स्वैपाक होता."

लेक आठव्या महिन्यात गेली, पोटातल्या बाळासकट. हे त्यांनी अगदी सरळ आवाजात सांगितलं. उद्याची चाळीस कार्डं माझ्या टेबलावर भरून तयार होती.