गुऱ्हाळावरचा हॉट योग

दत्तोबांच्या ट्रॅक्टरची चावी जयवंतानं काढून घेतली, त्या दिवशी लासुर्ण्यातल्या त्या घरात कुणालाच जेवण गेलं नाही. चढताना गुडघा अडकला आणि बाप पायरीला लोंबकळत राहिला, एवढाच काय तो गुन्हा.

"तात्या, कुणाचा हात न धरता वर चढून दाखवा. चावी तुमची," लेक म्हणाला.

नात संस्कृती बारामतीला हॉट योगाला जायची. तिनं आजोबांना एकदा सोबत नेलं. बंद खोली, हीटर चालू, आणि शिकलीसवरली म्हातारी मंडळी घामानं निथळत एका पायावर उभी. "उकाड्यात उभं राह्याचं म्हंजी योग, तर आमी जल्मभर उसात काय करत हुतो?" दत्तोबा कुरकुरले. पण बाहेर पडताना गुडघा मुकाट वाकला, तसे तेही मुकाट झाले.

रोज बारामतीला कोण जातंय? उष्णतेला गावात काय तोटा? फाटकासमोर आबाजींचं गुऱ्हाळ सुरूच होतं. काहिलीत रस उकळतोय, खाली चुलवण भणभणतंय; हीटरनं झक मारावी. दत्तोबांनी धोतराचा काचा मारला, कडेला पोतं अंथरलं आणि ताडासन धरलं.

आता गुऱ्हाळाची एक रीत असते. आल्या माणसाला कोरडं धाडायचं नाही, आणि आलेल्यानं नको म्हणायचं नाही. ताडासन झालं की आबाजी रसाचा तांब्या पुढं करायचे, भुजंगासनानंतर काकवी यायची. शवासनात तर कोमट गुळाचा खडा थेट तोंडातच पडायचा.

"आबाजी, डॉक्टरनं गोड बंद केलंय."

"घाम गाळलाय न्हवं? मग ग्येलं की ते घामातनं."

हे शास्त्र पंचक्रोशीत पसरलं. ज्या म्हाताऱ्याच्या सुनेनं साखरेचा डबा लपवला होता, तो प्रत्येक जण काखेत पोतं मारून योगाला येऊ लागला. दत्तोबांच्या बायकोला, सारजाबाईंना, तर आभाळ ठेंगणं झालं. "ह्यास्नी भारी गोडी लागलीया योगाची," असं त्या गावभर सांगत फिरायच्या.

हंगाम उतरणीला लागला तेव्हा दत्तोबांनी स्वतःहून परीक्षा मागितली. जयवंतानं ट्रॅक्टर अंगणात लावला. दत्तोबांनी पायरीवर पाय टाकला आणि कुणाचा हात न धरता टणकन वर गेले. जयवंता आ वासून बघत राहिला.

मग ते सीटवर बसले. बसले कसले, घुसले. स्टिअरिंग पोटात रुतलं, पाठ सीटला चिकटली, आणि आता पुढंही होईना नि मागंही.

"तात्या, उतरा आता."

"उतरतो की. घाई काय हाय?"

जयवंतानं ओढलं, संस्कृतीनं ढकललं. त्या झटापटीत सदऱ्याच्या खिशातून गुळाचा खडा घरंगळत सारजाबाईंच्या पायाशी आला. त्यांनी तो उचलला, हुंगला, आणि सगळा योग त्यांना एका दमात कळला.

"दे त्यास्नी चावी," त्या लेकाला म्हणाल्या. "उतरता येत न्हाय, तर चालवू दे. गचके बसून तरी प्वाट उतरंल."

चावी हातात आली तेव्हा दत्तोबांचे डोळे भरून आले. ट्रॅक्टर सुरू झाला. पण पोटानं स्टिअरिंग असं काही धरून ठेवलं होतं, की तो डावीकडं वळेना, उजवीकडं वळेना. फाटकातून नाकासमोर निघाला.

नाकासमोर आबाजींचं गुऱ्हाळ होतं, आणि आबाजी तांब्या भरून दारातच उभे होते.