धुरपाबाई नापास होते

एका जंगलात, मुलांनो, राळ्याच्या बियाण्याचं एकच मडकं उरलं होतं. ते होतं धुरपाबाई घुशीच्या बिळात. राळा म्हणजे बारीक, पिवळं धान्य. तुम्ही ते खाल्लं नसेल. तुमच्या आईनेही नसेल.

धुरपाबाई दरवर्षी टपोरी कणसं निवडायची, वाळवायची. दाणे वणव्याच्या राखेत घोळायची, कडुनिंबाचा पाला घालायची आणि मडक्याचं तोंड चिखलाने लिंपायची. पाऊस पडला की पेरायची. आता तिचे गुडघे धरले होते. हे सगळं पोरांच्या हाती द्यावं, एवढीच तिला तळमळ होती.

ही गोष्ट पीक संवर्धन समितीच्या कानावर गेली. समितीचे अध्यक्ष होते रानडुक्कर दंताजीराव, कारण उभ्या पिकात शिरण्याचा दांडगा अनुभव त्यांनाच होता.

"ज्ञान असं वाऱ्यावर सोडून चालणार नाही," ते म्हणाले. "परीक्षा घेऊ. पास होईल त्यानेच बियाण्याला हात लावायचा."

"मंग म्या बी बसू का काय परीक्षेला?" धुरपाबाईने विचारलं.

"नियम सगळ्यांना सारखा, बाई."

समितीने मडकं ताब्यात घेतलं. एकतीस उमेदवार, म्हणून बियाण्याच्या एकतीस पुड्या बांधल्या. पहिलाच प्रश्न होता, 'राखेचे महत्त्व पाच मुद्द्यांत लिहा.' धुरपाबाईला लिहिता येत नव्हतं. तिने कागदावर चिमूटभर राख ठेवली आणि उत्तरपत्रिका दिली. अस्वच्छतेचे गुण कापून तिला उणे दोन मिळाले.

बाकी तीसही जण पास झाले. पहिली आली बकुळा सशीण. प्रत्येकाचा राळा त्याच्या प्रमाणपत्रावर नक्षीसारखा चिकटवला आणि गरमागरम मशीनमधून काढून छान लॅमिनेट केला. धुरपाबाईला रडूच फुटलं. नापासाचं बी हे बीच नव्हे, असा ठराव करून समितीने तिची पुडी तिला परत केली.

पाऊस आला. तीस पदवीधरांनी तीस प्रमाणपत्रं वीत-वीत अंतरावर, अगदी सरळ ओळीत पुरली. आठवडाभर वाट पाहिली. शेवटी उकरून पाहिलं, तर प्लास्टिक तेवढं चकचकीत होतं.

धुरपाबाईने आपली पुडी गुपचूप पेरली होती. भाद्रपदात तिच्या वावरात कणसं डुलू लागली.

दंताजीराव पाहणीला आले. "आमच्या उपक्रमाचं केवढं हे यश!" म्हणाले, आणि अर्धं यश त्यांनी जागीच खाऊन टाकलं.

सगळे गेल्यावर बकुळा पुढे आली. चिखलाने माखलेलं प्रमाणपत्र तिने पाठीमागे लपवलं होतं.

"आज्जी, मला शिकवाल?"

"शिकवीन की गं," धुरपाबाई म्हणाली. तिला फार बरं वाटलं. "पर पुढल्या साली पुन्यांदा परीक्षेला बस. आन् या खेपेला चांगली नापास हो. बी सुट्टं मिळाया पायजे."

तात्पर्य : मुलांनो, सगळ्यांनीच मन लावून अभ्यास करू नये. वर्गात एक तरी नापास हवा, नाहीतर पुढच्या वर्षी खायचं काय?