शेपटी तुटलेली झिप

नाना वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचतात, लग्नाची पत्रिका खालून वर वाचतात आणि जळगावच्या आमच्या कॉलनीत नवा भाडेकरू आला की आधी विचारतात, "जाणार कधी?" माणसं बिचकतात. चोपड्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळून नाना निवृत्त झाले. तिथे झिप फाइलचं, म्हणजे अनेक फाइलींचं एकच गाठोडं बांधण्याचं, वेड लागलं, ते काही उतरलं नाही.

मी त्यांचा शेजारी, त्यात कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. मग काय, व्याख्यान माझ्याच नशिबी. "भाऊ, झिपमा एकामागे एक वस्तू ऱ्हातस," नाना डोळे मिटून सांगतात. "हर वस्तूवर तिना नावनी चिठ्ठी. अन् बठ्ठासनी यादी पार शेवटले. कॉम्प्युटर पहिले शेपटीच वाचस!"

मागच्या वर्षी नानांच्या पत्नी, आमच्या अक्का, गेल्या. शिरपूरच्या लेकीला, मंगलाला, त्या मोबाइलवर बोलून निरोप पाठवायच्या. मंगलाने ते सगळे एका झिपमध्ये बांधले आणि नानांच्या लॅपटॉपवर टाकायला घेतले. कॉपी पुरी होण्याआधीच नानांनी केबल उपटली. जन्मभर पोरांना ज्या चुकीसाठी ओरडले, तीच! कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे मंगलाचा मोबाइल हरवला, तेव्हा नाना ती फाइल उघडायला गेले, तर उघडेना. शेवटची यादीच आली नव्हती.

"माल मझार शे," नाना एवढंच म्हणाले. निरोप आत होतेच, फक्त त्यांची यादी नव्हती.

तेव्हापासून रविवारी दुपारी पडदे ओढून, कूलर लावून ते बसतात. स्क्रीनवर नुसती अक्षरांची खिचडी. त्यातून 'पी' आणि 'के' ही जोडी शोधायची, तिथे नवी चिठ्ठी सुरू होते. एक निरोप सुटा केला की ऐकतात आणि लॅपटॉप मिटून ठेवतात.

अशाच एका रविवारी मी म्हटलं, "नाना, माझ्याकडे सॉफ्टवेअर आहे. आत्ता सगळे काढून देतो."

त्यांनी माझा हातच धरला. "नको भाऊ. यादी नई, म्हनीसन पुढे ती काय बोलनार ते माले ठाऊक नई. बठ्ठं एकदम काढं, मंग ऐकाले काय राही?"

मग त्यांनी त्या दिवशी सुटा केलेला निरोप लावला. कूलरच्या घरघरीत दुपार पेंगत होती आणि त्या अंधाऱ्या गारव्यात अक्का बोलू लागल्या, अगदी स्वयंपाकघरातून बोलाव्यात तशा. "मंगले, तुना बाप आज कोथिंबीर आनाले इसरना. रिकामी पिशवी मातर आठवन करीसन घरी लई उना!"

नाना खो खो हसले. मग डोळे पुसत लॅपटॉपला म्हणाले, "उद्या आनसू वं."

सोमवारी ते मला भाजीबाजारात दिसले. देठ मोडून, वास घेऊन, अक्का घ्यायच्या तशी एकेक जुडी पारखत होते.