ठमीचं इंजेक्शन

आमच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगमधले साळवी काका दाराची बेल बोटाने वाजवत नाहीत, छत्रीच्या लाकडी दांड्याने वाजवतात. शॉक बसला तर? लिफ्टमध्ये एकटे चढत नाहीत. मध्येच अडकली तर? "रिस्क नको गं सुजाता," हे त्यांचं पालुपद. मी वैतागून म्हणते, "काका, मग श्वास तरी कशाला घेता?"

अशा माणसाच्या मांजरीला, ठमीला, थायरॉईड निघाला. म्हातारी ठमी दिवसभर खा-खा करायची आणि तरी वाळत चाललेली. छातीला हात लावला तर नुसती धडधड. गोळ्या दिल्या की ओकायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, "असंच राहिलं तर हिचं हृदय थकेल. किरणोत्सारी आयोडीन देऊ. कातडीखाली एकच इंजेक्शन. गळ्यातली बिघडलेली गाठ ते शोषून घेते आणि आतल्या आत मरते. पण काही दिवस ठमीच्या अंगातून किरणं निघतील. तोवर ती इथेच, वेगळ्या खोलीत. भेटायचं नाही. घरी आल्यावरही थोडे दिवस मांडीवर घ्यायचं नाही, शी-शू हातमोजे घालून काढायची."

काकांचा चेहरा पांढराफटक! घरी येऊन त्यांनी आधी काय केलं असेल? मिठाचा पुडा कचऱ्यात टाकला. वर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं ना! "अगं, इतकी वर्षं आपण हे खातोय!" मी कपाळावर हात मारला. "काका, ते साधं आयोडीन हो!" छे, ऐकतील तर शपथ. तेव्हापासून अळणी आमटी. त्यात सेक्रेटरी जिन्यात गाठून म्हणाले, "सोसायटीत बॉम्ब आणताय काय?" मलाही आतून धाकधूक होतीच, खोटं कशाला बोलू?

मला वाटलं, काका आता माघार घेणार आणि ठमी हातची जाणार. पण ठरल्या दिवशी सकाळी दार वाजलं. ठमीचा पिंजरा छातीशी धरून काका उभे. "चल बाई. एकट्याने नाही जमायचं मला."

हॉस्पिटलात नर्सने पिंजरा घेतला. काकांनी पिशवीतून काकूंची विटकी जांभळी शाल काढली. काकू गेल्यापासून ठमी त्या शालीवर झोपते आणि वास जाईल म्हणून काकांनी ती कधी धुतलेली नाही. "ही तिच्याजवळ ठेवा," ते म्हणाले.

"आजोबा, आत गेलेली वस्तू परत देत नाही आम्ही. तिलाही किरणोत्सार लागतो. टाकूनच द्यावी लागते."

काका शालीकडे बघत राहिले. मला बघवेना. "काका, थांबा. माझी ओढणी देते."

"तुझी ओढणी काय ओळखणार ती?" काका म्हणाले. "आत कुणी जवळ घेणार नाही तिला. घाबरणं काय असतं ते मला विचार, सुजाता. अशा वेळी आपल्या माणसाचा वास लागतो."

त्यांनी शाल एकदाच नाकाशी धरली, आणि देऊन टाकली.